दहाव्या रांगेतले आप्पा

पोंगलच्या आधी दोन दिवस आमच्या गल्लीत उसाचे भारे येतात. जांभळ्या सालीचा, मनगटाएवढा जाड, मुळासकट उपटलेला ऊस. लोक तो दाराच्या दोन्ही अंगांना उभा करतात आणि सणादिवशी अंगणात नव्या तांदळाचा भात गुळात शिजवतात. मदुराईत येऊन मला नऊ वर्षं झाली. नवऱ्याचं सोनं-चांदी गाळायचं दुकान, दुकानामागं एक खोली, खोलीला एक खिडकी. त्या खिडकीतून पौष आत येतो तो गुळाच्या वासानं. इथं थंडी नाही, धुकं नाही, पहाटे तोंडातून वाफ निघत नाही. पण कुठंतरी गूळ उकळायला लागला की माझ्या छातीवरची शिवण खाजते.

इथला डॉक्टर म्हणतो, इतक्या वर्षांनी खाजायचं काही कारण नाही. त्याला तमिळ येतं, मला मोडकंतोडकं येतं, त्यामुळं कारण काय ते मी त्याला सांगितलेलं नाही.

माझं माहेर कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत. आप्पा गुळव्या. गुऱ्हाळ कुणाचंही असो, काहिलीतला रस गूळ झाला की नाही हे सांगायचं काम आप्पांचं. उकळत्या रसाचे दोन थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकायचे, बोटांनी गोळी वळते का बघायची आणि म्हणायचं, "उतरा." तो शब्द एक उकळी आधी आला तर नुसती काकवी, एक उकळी उशिरा आला तर करपट ढेप. सात-आठ माणसं काहिलीच्या कड्या धरून त्या एका शब्दासाठी खोळंबलेली असायची. दिवसभर असा नेमका शब्द बोलणारा माणूस घरी येऊन आणखी काय बोलणार? आप्पा घरी गप्पच असायचे. चिपाडाच्या धुरानं डोळे लाल, अंगाला गोड वास, आणि गप्प.

मी बारा वर्षांची होते. चुलतबहिणीच्या वरातीत रफीकभाईंच्या बँजो पार्टीपुढं नाचत होते. रफीकभाई टेंपोत बसून कीबोर्ड वाजवत होते. नाचता नाचता माझे ओठ निळे पडले आणि मी रस्त्यावर कोसळले. वरातीतलं गाणं मधेच थांबवायचं नसतं. नवरा रुसतो, पावणे भांडायला उठतात, पुढच्या वर्षीची सुपारी जाते. रफीकभाईंनी सुरावरची बोटं उचलली. म्हणाले, "गाणं बंद. टेंपो रिकामा करा." भोंगे, बॉक्स, जनरेटर सगळं रस्त्यात उतरवून ठेवलं आणि त्याच टेंपोतून मला कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. तिथं निघालं की काळजाला भोक आहे, जन्मापासूनचं, आणि ते शिवायला पुण्याला जावं लागेल. आप्पा भिंतीला टेकून उभे होते. रफीकभाई त्यांना म्हणाले, "जरा पौष यिऊ द्या, आप्पा. मग बघतो."

पौषच का, ते मला पुढं कळलं. पौषात आमच्याकडं कुणी लग्न काढत नाही. त्यामुळं वाजवणारी माणसं तो महिनाभर रिकामी. बँजोवर खोळ चढलेली, बॉक्स गोदामात एकावर एक रचलेले, सभागृहांना कुलपं. रफीकभाई आणि त्यांच्या दोस्तांची रीत अशी होती की या रिकाम्या महिन्यात एक कार्यक्रम कुणातरी आजारी माणसासाठी करायचा आणि त्यात कुणी मानधन घ्यायचं नाही. ढोलकीवाला दिवसा घरं रंगवायचा, त्याच्या नखात पांढरा चुना तसाच असायचा. गायिका हॉटेलात गायची, त्या दिवशी आजारी असल्याचं सांगून यायची. आवाजाची यंत्रणा एक जण द्यायचा, दिवे दुसरा. तिकीट नसायचं. लोकांनी फर्माईशीच्या चिठ्ठ्या लिहायच्या, चिठ्ठीबरोबर जमेल ती मदत द्यायची, आणि मग स्टेजवरून नाव पुकारून ते गाणं म्हणायचं. रफीकभाई म्हणायचे, "लोकांचा पौष रिकामा जातुया. आमचा न्हाई जात."

ज्या महिन्यात कुणी शुभकार्य करत नाही त्या महिन्यात माझं झालं. त्यासाठी मी आजही पूर्वेकडं तोंड करून हात जोडते. मदुराईहून कोल्हापूर पूर्वेला नाही, पण हात जोडायचे म्हटल्यावर मला तीच दिशा सुचते.

माझ्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी मला पिवळा फ्रॉक घातला होता. बाह्या काखेत काचत होत्या. मी आणि आई पडद्याआड उभ्या होतो. आप्पा गुऱ्हाळावरून थेट आलेले, कलाकारांसाठी गुळाची छोटी ढेप फडक्यात बांधून आणलेली. ते समोर दहाव्या रांगेत कडेला बसले होते. पडद्याच्या फटीतून मी रांगा मोजल्या होत्या. आप्पा कुठं आहेत हे माहीत असलं की मला भीती कमी वाटायची.

दोन गाणी झाली. तिसरं झालं. चिठ्ठ्या येईनात. लोक शेंगा खात गप्पा मारत होते. मग निवेदक बंडूकाकांनी मला हाताला धरून पुढं आणलं. बंडूकाका दिवसा दूध संस्थेत कॅन उतरवून घ्यायचे आणि संध्याकाळी माईक हातात आला की त्यांची भाषाच बदलायची. मागं रफीकभाईंनी एक मंद सूर धरला. बंडूकाका म्हणाले, "रसिकहो, या लेकराकडे पाहा. बारा वर्षांचं वय. काळजाला भोक. आणि डोक्यावर..." इथं ते थांबले. एवढे थांबले की शेंगांचा आवाज बंद झाला. "आणि डोक्यावर बापाचं छत्रही नाही. देवानं नेलं."

सभागृह चिडीचूप झालं. त्या शांततेत मला एकच आवाज आला. फट्. माणूस उठला की ज्यांची बैठक आपोआप वर मिटते तसल्या खुर्च्या होत्या तिथं. आप्पा उठले होते. दिव्यांमुळं मला ते दिसत नव्हते, पण दहाव्या रांगेतली कडेची खुर्ची मला आवाजावरून कळली. मग थोड्या वेळानं ती खुर्ची परत खाली करकरली. आप्पा बसले.

मला हे पुढं कळलं, शेजारचा माणूस त्यांना हळहळून म्हणाला, "लई वंगाळ झालं बघा, पावणं."

आप्पा म्हणाले, "व्हय की."

पडद्याआड गायिका आईच्या कानाशी लागली. "वैनी, पदर जरा कपाळावर घ्या. कुंकू दिसतंय." आईला स्टेजवर आणलं तेव्हा तिचा पदर भुवयांच्या खाली होता. लोकांना वाटलं, दुःखानं. तिनं माझा हात धरला. तो हात ओला होता आणि इतका आवळलेला होता की माझी बोटं एकमेकांवर चढली.

मग चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. रात्री सभागृहाची वेळ संपली तरी फर्माईशी संपल्या नाहीत. पुढच्या महिन्यात पुण्यात माझं काळीज शिवलं. ज्या टाक्यांनी शिवलं, त्यातला एक टाका आप्पांच्या मरणाचा आहे.

कार्यक्रम संपल्यावर रफीकभाई खाली धावत आले आणि आप्पांचे हात धरून म्हणाले, "खुदाशप्पत, मला म्हाईत न्हवतं त्यो असं बोलंल म्हणून." बंडूकाका मान खाली घालून मागं उभे. "हॉल गार पडला हुता, आप्पा. बोलता बोलता तोंडातनं गेलं."

आई म्हणाली, "गेलं न्हवं? मग आता जावा आणि माईकवरनं परत जिवंत करा."

"कसं करू, वैनी? लोक म्हणतील फसवलं. चिठ्ठ्यांचं पैसं म्हागारी द्यावं लागतील."

आप्पांनी फडक्यातली ढेप रफीकभाईंच्या हातात दिली. "ऱ्हाऊ द्या ओ. पोरगी जगतीया न्हवं? मग मी मेलो तर मेलो."

घरी त्यांनी त्याची चेष्टाच केली. आईनं पाणी आणायला सांगितलं की म्हणायचे, "मेलेल्या माणसाला काम सांगतीस व्हय?" आई हसायची नाही. त्या दिवसापासून ती ठळक, रुपयाएवढं कुंकू लावायला लागली आणि त्या सभागृहात परत कधी गेली नाही.

खोटं एका संध्याकाळपुरतं राहत नाही, हे मला कोल्हापूरच्या शाळेत कळलं, जिथं आप्पांना कुणी ओळखत नव्हतं. आमच्या एक बाई त्या कार्यक्रमाला आल्या होत्या. त्यांनी मायेनं माझं नाव बाप नसलेल्या मुलींच्या यादीत घातलं आणि मला नवा गणवेश मिळाला. मी तो घातला. नको म्हणायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी घातलेले टाके लोक उसवून न्यायला येतील असं मला खरोखर वाटायचं. मग एक दिवस मधल्या सुट्टीत एक पोरगी म्हणाली, "सवे, तुझा बाप मेलाय न्हवं? मग रोज सायकलवर डबा घिऊन कोण येतंय?"

मी म्हणाले, "चुलता हाय."

वळून बघते तर आप्पा फाटकाशी उभे, हातात डबा. त्यांनी ऐकलं की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. दुसऱ्या दिवशी फाटकातून त्यांनी शिपायाला हाक मारली, "ओ मामा, माज्या पुतणीचा डबा हाय. तेवढा द्या."

त्या डब्यातली भाकरी मला गिळवली नाही. सातवीची परीक्षा झाली आणि मी शाळा सोडली. घरी सांगितलं, चढ चढताना छातीत दुखतं. दुखत नव्हतं. आईनं खूप विनवलं. आप्पा नुसते माझ्याकडं बघत राहिले, काहिलीकडं बघतात तसे. त्यांना कळलं होतं, असं मला वाटतं. आम्ही दोघं एकाच कोंडीत होतो आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला त्याचा पत्ता नाही.

त्यानंतरचे सहा पौष मी त्या स्टेजवर गेले. दर वर्षी नवा रोगी, आणि त्याच्या शेजारी मी, 'आपल्या मदतीनं जगलेलं लेकरू' म्हणून. बंडूकाका शिकवायचे, "हसायचं, पर लई न्हाई." एका वर्षी मी जरा अंगानं भरले तर कौतुकानं आणि काळजीनं म्हणाले, "पोरी, तब्येत झाली गं तुझी. शाल पांघर जरा." रफीकभाई मला घरून न्यायचे. आप्पा मागोमाग सायकलवरून यायचे आणि सभागृहाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर थांबायचे. आत यायची त्यांना सोय नव्हती. सगळी गाणी त्यांनी भिंतीपलीकडून ऐकली. परत येताना विचारायचे, "ते चौथं गाणं कुणी म्हटलं? सूर चांगला हुता."

मला राग यायचा, आणि राग आल्याची लाज वाटायची. राग धरायचा कुणावर? नखातल्या चुन्यासकट ढोलकी वाजवणाऱ्यावर? की हॉटेलचा मालक काढून टाकेल या भीतीनं घाईघाईत दोन गाणी म्हणून पळणाऱ्या बाईवर? या माणसांच्या घरी आजारपण आलं तर त्यांच्यासाठी तरी कोण वाजवणार होतं? तरी ती दर पौषात यायची. त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नाही, फक्त उभं राहा म्हटलं. उभं राहणं एवढं जड असतं, हे त्यांना कुठून कळणार. गावात मी जोरात भांडले नाही, सिनेमाला गेले नाही, कुणाचं गाणं आवडलं नाही असं म्हटलं नाही. लोकांच्या गाण्यावर जगलेल्या पोरीनं कसं वागावं याचे नियम कुणी सांगितले नव्हते. मीच केले आणि मीच पाळले.

पडद्याआड बसून चिठ्ठ्या लावायचं काम पुढं मला दिलं. माझी पुढची शाळा ती. वडापची जीप चालवणाऱ्याचं अक्षर, शिंप्याचं अक्षर, कुणाच्यातरी सुनेनं सासूसाठी लिहिलेलं. 'म्हातारीला आवडतं ते पाळण्याचं.' 'ढोलकीचं कायतरी दणदणीत.' माझ्या स्वतःच्या कार्यक्रमातली एक चिठ्ठी रफीकभाईंनी जपून ठेवली होती, ती त्यांनी माझ्या लग्नात मला दिली. खाली नाव नाही. 'गाणं कुठलंबी म्हणा. पोरगी जगू दे.' ती माझ्या इथल्या ट्रंकेत आहे. तिच्यात आप्पांच्या मरणाचा उल्लेख नाही. मी पुनःपुन्हा तेवढ्यासाठी ती वाचते. हा माणूस बंडूकाका बोलायच्या आधी लिहीत होता की नंतर?

गेल्या आठवड्यात रफीकभाईंचा फोन आला. आवाज थकला आहे. "सवे, यंदाचा पौष शाहूवाडीच्या एका पोरासाठी हाय. सात वर्साचं हाय. तुज्यासारखंच, काळजाचं. दोन शब्द बोलून व्हिडिओ पाठव. मोठ्या पडद्यावर दावू."

मी विचारलं, "पोराला बाप हाय?"

"हाय की. खणखणीत."

"आन् निवेदन कोण करणार?"

"बंडूकाकाच. म्हातारा झालाय, पर माईक सोडत न्हाई." मग हळूच म्हणाले, "मी सांगतो त्याला. पर तुला म्हाईत हाय सवे, हॉल गार पडला म्हंजे काय हुतंय ते."

मला माहीत आहे. माझ्याएवढं कुणाला माहीत असणार.

दुपारी नवरा भट्टीपाशी असताना मी खिडकीला पाठ करून व्हिडिओ काढायला बसले. 'मी सविता. माझ्या काळजाचं भोक तुमच्या गाण्यांनी बुजलं. आणि एक सांगायचं आहे, माझे आप्पा...' इथं मी अडकायचे. सात वेळा काढला, सात वेळा पुसला. खरं सांगावं तर लोक म्हणतील, ही माणसं खोटं बोलून मागतात, आणि त्या पोराच्या चिठ्ठ्या थांबतील. न सांगावं तर उद्या शाहूवाडीत एक माणूस आपल्याच पोराला पुतण्या म्हणून हाक मारेल. माझ्या छातीतल्या टाक्यांपासून त्याच्या छातीपर्यंत एक दोरा गेलेला मला दिसत होता. कुठल्याही बाजूनं ओढला तरी तो कुणालातरी काचणार.

आप्पांना फोन लावला. मागं गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा घरघराट.

"आप्पा, व्हिडिओत सांगू का? तुमी हायसा म्हणून?"

जाळात चिपाडं सारल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "त्या पोराचा बाप कुठं बसणार हाय?"

"मला काय म्हाईत."

"बसवतील कुठंतरी मागं. एकटाच आसंल." परत जाळ. "तू तुजा व्हिडिओ कर. मी जाऊन येतो."

"गाड्यावर?"

"आत. गाड्यावर लई वर्सं झाली."

शेवटी मी जो व्हिडिओ पाठवला त्यात आप्पांचा उल्लेख नाही. माझं धाडस तेवढंच.

काल भोगी. संध्याकाळी मी तिळगुळाचा पाक शेगडीवर ठेवला होता. बाजूला गार पाण्याची वाटी. आप्पांनी फोन लावून तो सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. आधी कापडाची खसखस, मग त्यांचा श्वास, आणि मग सभागृहाचा तो गुणगुणाट, जो मी कुठंही ओळखेन.

आप्पा शेजारच्याला विचारत होते, "कुठलं, पावणं?"

"शाहूवाडी. ते माजंच पोरगं हाय, आत हाय आता."

"भ्या वाटतंय?"

"लई."

"वाटतंयच. माजी पोरगी उभी हुती तिथं."

"मग? बरी हाय आता?"

"मदुराईला हाय. ऐकतीया बघा," आप्पा म्हणाले आणि खिशावर हात ठेवला असावा, कारण मला त्यांच्या छातीचे ठोके ऐकू आले.

मोठ्या पडद्यावर माझा व्हिडिओ लागला. माझाच आवाज तिथून आप्पांच्या खिशात आणि खिशातून परत माझ्या कानात आला. बारीक, घाबरलेला. टाळ्या पडल्या, बेताच्या. दोन गाणी झाली. तिसरं झालं. नाव पुकारलं जाईना. हॉल गार पडत होता, आणि इतक्या लांबून मला त्याचा गारवा लागत होता. वाटलं, आप्पांना ओरडून सांगावं, उठा, बाहेर या, परत ते ऐकू नका, होऊ दे काय व्हायचं ते. पोरगं जगू दे.

मग बंडूकाकांचा आवाज. खरखरीत झालेला, पण तोच. मागं रफीकभाईंचा मंद सूर.

"रसिकहो, या लेकराकडे पाहा. सात वर्षांचं वय. काळजाला भोक. आणि डोक्यावर..."

ते थांबले. तसेच थांबले. मी वाटीत दोन थेंब टाकले होते, त्यांची गोळी वळली होती, पण माझा हात शेगडीकडं जाईना. पाक करपल्याचा वास सुटला. आणि त्या शांततेत खालचा सूर मधेच तुटला. रफीकभाईंनी बोटं उचलली होती. कीबोर्डचा आधार गेल्यावर सभागृहात नुसती माणसं उरली, श्वास घेणारी.

बंडूकाकांनी घसा साफ केला. मग माईकची भाषा सोडून, कॅन उतरवून घेताना बोलतात तसं म्हणाले, "बाप हाय. बाप हितंच बसलाय. उभं ऱ्हावा, पावणं."

फट्. हा आवाज शेजारच्या खुर्चीचा होता.

आणि लगेच दुसरा, अगदी माझ्या कानाला चिकटून. फट्.

मी वाट बघत राहिले. खुर्ची परत खाली करकरल्याचा आवाज कितीतरी वेळ आला नाही.